पहिला बाण: मिशिगनच्या हरणाच्या मोसमासाठी कंपाउंड बो, प्रकल्प नोंदी

9 मार्च 2024

ठरलं. 1 ऑक्टोबरला मिशिगनचा धनुष्याचा मोसम उघडेल तेव्हा झाडावर बसायचं. प्रकल्पाची व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे: कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य), एक व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या हरणाची) मादी, हॉवेल गावाच्या पुढचं शेजारच्या आजोबांच्या मुलाचं शेत. परवानगी मिळाली आहे. शिंगांच्या भानगडीत पडायचं नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला, त्यामुळे साताऱ्यात वाढलेल्या माणसाला यातलं काही घरातून मिळालेलं नसतं. इथे उलट. मिशिगनमध्ये धनुष्याने हरीण मारायचा पहिला अधिकृत मोसम 1937 चा. राज्यात दरवर्षी 50 हजारांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात. मी बंपरवर काम करतो, त्याचे फोटो रोज टेबलावर येतात.

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "हरणामागे गेलेल्याचं काय झालं ते रामायणात वाचलंयस ना? मग जा." याला मी परवानगी धरतो.

16 मार्च

धनुष्याच्या दुकानात माप दिलं. आधी डोळा: दोन्ही तळहातांत तिकोनी फट करून दूरचं घड्याळ पाहायचं, मग एकेक डोळा मिटायचा. उजवा प्रबळ. हातही उजवाच, त्यामुळे वाद नाही.

मग ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर भागिले अडीच. माझं 68.5 इंच, म्हणजे 27.4. कॅम (बोच्या टोकाचं चाक) 27.5 वर लावला. काउंटरवरचा पोरगा 28.5 चा आग्रह धरत होता, वेग वाढतो म्हणून. ओढून पाहिलं: खांदे मागे झुकले, डावं कोपर ताठ झालं, दोरी गालात रुतली. 27.5 वर दोरी आपोआप नाकाच्या टोकाला आणि ओठाच्या कोपऱ्याला येऊन टेकते. वेगासाठी एक इंच लांब ड्रॉ घेणं हा नवशिक्याला विकला जाणारा सगळ्यात महागडा फुकटचा माल आहे.

ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर, पौंडांत) ठरवायची आजोबांची पद्धत (ते निवृत्त टूलमेकर, पन्नासेक वर्षं शिकार): खुर्चीवर बस, पाय जमिनीवरून उचल, बो समोर सरळ धर आणि न हलता ओढ. बो आभाळाकडे न्यावी लागली तर वजन जास्त. 60 वर आभाळ दिसलं. 50 वर हात थरथरला पण सरळ राहिला. 45 वर काहीच नाही. म्हणून 60 पौंडांच्या लिंबचा (बोच्या वाकणाऱ्या पात्यांचा) बो घ्यायचा, 45 ला उतरवायचा आणि हळूहळू चढवायचा. दोन्ही लिंबचे बोल्ट सारखे फिरवायचे. एका फेऱ्याला साधारण दोनेक पौंड.

70 चा बो घेऊन "नंतर ताकद येईल" म्हणणारे खूप भेटले. ताकद जिममध्येही येते. ऑक्टोबरच्या थंडीत दोन तास न हलता बसल्यावर हरणाच्या समोर, मान न वळवता ओढायचं आहे.

23 मार्च

खरेदी. साइट (नेम धरायची खूण), रेस्ट (बाण टेकतो तो भाग) आणि भात्यासकट तयार पॅकेज घेतलं, 500 डॉलरच्या आत. वरचं मॉडेल याच्या तिप्पट आहे आणि हातात घेतलं की खरोखर छान वाटतं, पण त्यातला फरक कळायला जो नेम लागतो तो अजून माझ्याकडे नाही. वाचलेले पैसे रिलीज (दोरी धरून सोडायचा खटका), बाण आणि रेंजफाइंडरवर (अंतर मोजायचं यंत्र).

रिलीज मनगटाच्या पट्ट्याचा, तर्जनीने सुटणारा घेतला. अंगठ्याच्या बटणाचा जास्त शिस्तीचा, हे मान्य. पण तो झाडावरून खाली पडू शकतो. पट्ट्याचा हातालाच असतो.

आजोबांच्या गराजमध्ये भिंतीवर जुना रिकर्व्ह (चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, फ्रेड बेअरच्या कारखान्यातला. बेअरने 1933 मध्ये धंदा सुरू केला तो डेट्रॉइटमध्ये, मग 1947 ला कारखाना वर ग्रेलिंगला नेला. रिकर्व्ह जितका ओढावा तितका जड होत जातो. कंपाउंडचं पेटंट 1969 चं, मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलनचं: कॅममुळे शेवटी वजन उतरतं. माझ्या बोचा लेट-ऑफ 80 टक्के, म्हणजे 50 पौंड ओढून शेवटी 10 धरायचे. हरीण झाडाआड थांबलं तर हा फरक काय आहे ते कळतं म्हणे.

14 एप्रिल

सगळं बेसमेंटमध्ये, 5 यार्डांवरून, कोऱ्या फोमवर. डोळे मिटून. नेम नावाची गोष्टच नाही, फक्त पकड, अँकर (ओढलेली दोरी चेहऱ्यावर टेकते ती ठरलेली जागा), सोडणं. कंटाळवाणं आहे आणि याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

आज दुकानात कागदातून बाण मारून पाहिले. चौकटीत ताणलेला कागद, दोन पावलांवरून बाण. भोक गोल आणि पिसांचे तीन चिरे सारखे असतील तर बाण सरळ जातोय. माझं भोक डावीकडे फाटत होतं, दीडेक इंच: नॉक (बाणाची मागची खाच) डावीकडे, टोक उजवीकडे. दुकानदार लगेच ॲलन-की घेऊन रेस्ट सरकवायला निघाला. त्याला थांबवलं. तोच बो, तोच बाण त्याच्याच हातून मारून घेतला. त्याचं भोक जवळजवळ गोल.

म्हणजे बो ठीक, हात पिळतोय. पकड उघडली: ग्रिप अंगठ्याखालच्या गादीवर, जीवनरेषेच्या आतल्या बाजूला, बोटांची पेरं 45 अंशांत, बोटं सैल. बो हातात धरायचा नाही, त्याने हातावर टेकायचं. फाट अर्ध्या इंचावर आली. उरलेलं रेस्टने, एका बाजूला केसभर. रेस्ट आधी सरकवला असता तर माझी पिळलेली पकड बोमध्ये कायमची बसली असती, आणि सैल हाताने मारलेला प्रत्येक चांगला बाण चुकला असता.

2 जून

वजन 52 ला आलं, खुर्चीची परीक्षा पास. आता बाण.

स्पाइनचा, म्हणजे बाणाच्या दांडीच्या ताठपणाचा, आकडा आधी गूढ वाटायचा, आहे साधा. 28 इंचांवर दोन टेकू, मधोमध 1.94 पौंडाचं वजन, आणि दांडी किती इंच वाकते ते हजारांशात. 400 म्हणजे 0.400 इंच. आकडा मोठा तितकी दांडी लवचिक. माझ्या 52 पौंडांना, 28 इंची बाणाला, 100 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) टोकाला तक्त्यात 400 येतं. तेच घेतलं.

क्रोनोग्राफवर (बाणाचा वेग मोजायचं यंत्र) दोन जोडण्या तपासल्या. 100 ग्रेनचं टोक: एकूण बाण 385 ग्रेन, वेग 243 फूट प्रति सेकंद. 125 चं टोक: 410 ग्रेन, 236 फूट. ऊर्जा काढायची तर ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 4,50,240. पहिला 50.5 फूट-पौंड, दुसरा 50.7. फरक नाही. जड बाणाचा संवेग थोडा जास्त आणि बोचा आवाज कानाला जाणवण्याइतका कमी. 125 ठरलं. टोक जड झालं की दांडी जरा लवचिक वागते, म्हणून पुन्हा कागद फाडून पाहिला, भोक गोलच.

बोच्या डब्यावर 320 फूट छापलं आहे. ते 70 पौंड, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेनच्या बाणाचं. गाडीच्या जाहिरातीतलं मायलेज जसं असतं, तसं.

8 जून

रात्री बसून गणित केलं. वेग 236 धरला, हवेचा रोध सोडला.

20 यार्डांवर बाणाला पाव सेकंद लागतो, 40 वर अर्धा. बोचा आवाज त्याच्या पाचपट वेगाने जातो. 20 वर आवाज ऐकल्यावर हरणाकडे 0.2 सेकंद, 40 वर 0.4. पळण्यासाठी पाय दुमडताना हरीण खाली बसतं, म्हणजे जिथे नेम होता तिथे आता पाठ असते.

दुसरं, अंतराचा अंदाज. हरीण आपण समजतो त्यापेक्षा 5 यार्ड मागे असेल तर 20 च्या आसपास बाण सुमारे 4 इंच खाली लागतो. 40 च्या आसपास 7 इंच. व्हाइटटेलचा हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण 8 इंचांच्या वर्तुळाएवढा, म्हणजे मध्यापासून 4. 20 वर चूक काठावर निभावते. 40 वर जनावर जखमी होऊन जातं.

वेगवान बो घेऊन हे सुटत नाही. 236 चे 270 केले तरी 40 चं अंतर 40 च राहतं. अंतर कमी करणं फुकट आहे.

6 जुलै

नोंदवहीची पद्धत बदलली. आतापर्यंत ग्रुप (लागोपाठ मारलेले बाण किती जवळ पडतात ते) मोजत होतो: 20 यार्डांवर तीन इंचांत, 30 वर पाच. छान दिसतं. पण हरीण ग्रुप बघायला थांबत नाही.

नवा नियम: शेतावर पोचलो की गाडीतून उतरायचं, वॉर्मअप न करता, रेंजफाइंडर लावून एकच बाण मारायचा, 8 इंची पुठ्ठ्यावर. तो वहीत. त्यानंतर कितीही मारा, ते वहीत नाहीत. वर्तुळात की बाहेर, एवढंच लिहायचं.

चित्र लगेच वेगळं झालं. 20 वर पहिला बाण आतच असतो. 25 वर बहुधा आत, काठाजवळ. 30 वर निम्मे बाहेर, आणि बाहेरचे सगळे डावीकडे, कारण गाडी चालवून आलेला डावा हात पहिल्या बाणाला ग्रिप आवळतो. तासाभराने तोच हात सैल असतो आणि ग्रुप सुंदर येतो. ग्रुप मोजत राहिलो असतो तर हा दोष दिसलाच नसता.

काल बर्लिनच्या 2023 च्या जागतिक स्पर्धेचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती, अंतिम फेरी 149-147. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे 150 पैकी 150. मान ताठ होते. बघताना त्यांची बोटं पाहिली: बाण सुटल्यावरही बो धरलेला हात सैल, बो पुढे पडतो. त्यांचे लांब स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारे दांडे) मला झाडावर कामाचे नाहीत, फांदीत अडकतील. 8 इंची आहे तो पुरे. हात मात्र जसाच्या तसा उचलण्यासारखा.

10 ऑगस्ट

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक. मिशिगनचा नियम पात्याची रुंदी निदान 7/8 इंच. दोन जाती: स्थिर पाती आणि आपटल्यावर उघडणारी. उघडणारी बहुतेक सरावाच्या टोकासारखीच उडतात, पण पाती उघडण्यात बाणाची थोडी ऊर्जा जाते. 50 फूट-पौंडांत मला ती द्यायची नाही. तीन स्थिर पाती घेतली.

स्थिर पाती पुढे पंखासारखी वागतात आणि बोच्या मांडणीतला बारीक दोषही उघडा पाडतात. 30 यार्डांवर सरावाचे बाण मध्यात, ब्रॉडहेड चार इंच डावीकडे. साइट हलवायचा मोह होतो. मग सरावाचे बाण उजवीकडे जातात. ब्रॉडहेड ज्या बाजूला ढकलायचं आहे, म्हणजे सरावाच्या बाणांच्या बाजूला, तिकडे रेस्ट सरकवायचा, 1/32 इंच एका वेळी. डावीकडे लागताहेत म्हणून रेस्ट उजवीकडे. दोन सरकवण्यांत दोन्ही एकत्र आले. मगच साइट.

पाती बसवायला पान्याची टोपी मिळते, ती वापरावी. आणि कार्बनचा प्रत्येक बाण मारण्याआधी कानाजवळ धरून वाकवून ऐकावा. आज एक करकरला. मोडून कचऱ्यात. चिरलेला बाण सुटताना फुटला तर तो डाव्या हातात घुसतो.

7 सप्टेंबर

झाडावरची बैठक 18 फुटांवर बांधली. पूर्ण अंगाचा हार्नेस, जमिनीपासूनच दोराला अडकवलेला. बो वर ओढून घ्यायला वेगळी दोरी.

उंचीवरून अंतराचा फार बाऊ करतात. 18 फूट म्हणजे 6 यार्ड. जमिनीवर 20 वर असलेलं हरीण तिरक्या रेषेत 20.9 वर. एका यार्डाचाही फरक नाही. खरी गडबड शरीराची. बसून किंवा उभं राहून नुसता हात खाली नेला की अँकर सुटतं आणि पीपमधून (दोरीत बसवलेलं, नेम धरायचं छिद्र) पाहायचा कोन बदलतो. आधी समोर सरळ ओढायचं, अँकर लावायचं, मग कमरेतून वाकायचं. हे फोमच्या हरणावर करून पाहिलं. हात खाली नेऊन मारलेले बाण उंच लागले, कमरेतून वाकलेले जागेवर.

वरून मारताना बाण कुठून बाहेर पडेल ते बघून नेम. आजोबा म्हणतात पलीकडच्या पुढच्या पायाकडे बघ.

29 सप्टेंबर

कागदपत्रं. 1 जानेवारी 1960 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना सुरक्षा कोर्स लागतो. तो उन्हाळ्यात झाला होता. मूळ लायसन्स 11 डॉलर, हरणाचं 20. लोअर पेनिन्सुलात आमिष टाकायला 2019 पासून बंदी आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमुळे (हरणांना होणारा मेंदूचा रोग). मका-सफरचंदांचे ढीग दुकानांत तरी दिसतात.

वहीवरून मर्यादा काढली: 25 यार्ड. बैठकीपासून 25 वरच्या झाडांना रेंजफाइंडर लावून फिती बांधल्या. फितीपलीकडचं हरीण फक्त बघायचं.

1 ऑक्टोबर

दिसल्या फक्त खारी.

13 ऑक्टोबर

मादी आणि दोन पिल्लं, फितीपलीकडे, 34 वर, बराच वेळ चरत. आडवी उभी, पुस्तकात काढल्यासारखी. रेंजफाइंडरने तीनदा मोजलं, जणू आकडा कमी होणार होता. बो खुंटीवरच ठेवला.

26 ऑक्टोबर

झालं. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, ती त्याच्या तासभर आधी आली. एकटी, मोठी. 17 यार्ड. ओकच्या खोडाआड डोकं गेल्यावर ओढलं. ती तिथेच थांबली, आणि तेव्हा 10 पौंड धरून उभं राहणं काय ते कळलं. बो 52 ऐवजी 60 वर लावलेला असता तर ओढतानाच हललो असतो. ती पुढे आली, मी तोंडाने हलकं "मॅ" केलं, थबकली. पुढच्या पायामागे, खालच्या तिसऱ्या भागात. बाण आरपार. ती उडी मारून झुडपात.

अर्धा तास वरच बसायचं, हा नियम. फुप्फुसात लागलं असेल तर इतका पुरतो. पोटात लागलं असेल तर तासन्‌तास थांबावं लागतं, नाहीतर जनावर उठून मैलभर जातं. खाली उतरून बाण पाहिला: गुलाबी, फेसाळ रक्त. फुप्फुस. आजोबांना फोन केला. झुडपापलीकडे साठेक यार्डांवर पडलेली सापडली. आधी लायसन्सचा टॅग, मग बाकीचं. आतडी काढायला आजोबांनी शिकवलं. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते धनुष्याच्या वहीत नको.

27 ऑक्टोबर

डीएनआरकडे (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) ऑनलाइन नोंद केली; 72 तासांची मुदत असते. मांस हाडांवरून सोडवलं, मेंदू आणि कणा घरी आणला नाही. 2015 मध्ये मिशिगनच्या जंगली हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून सगळे सांभाळून असतात.

हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नाही. मटणाच्या अंदाजाने शिट्ट्या घेतल्या तर दोरे होतात. बायकोने मांडीचे तुकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवले. आईला फोटो पाठवला. उत्तर: "तेल कमी दिसतंय."

30 नोव्हेंबर

15 तारखेपासूनचा बंदुकीचा मोसम आज संपतो. उद्यापासून पुन्हा धनुष्य. फ्रीझरमध्ये जागा आहे आणि लायसन्स दुसऱ्या हरणासाठीही काढून ठेवलंय.

डिसेंबरची तयारी वेगळी. बो रात्रभर गराजमध्ये ठेवला, सकाळी उणे सहा. जाड जॅकेट, हातमोजे, टोपी, सगळं घालून खुर्चीवर बसून पहिला बाण. 15 वर ठीक. 25 वर तीन इंच डावीकडे आणि खाली. फोनवर हळू व्हिडिओ काढला: दोरी बाहीला घासतेय. बाहीवर आर्मगार्ड बांधला, छातीवरची चेन आत दुमडली. डावीकडचं गेलं, खालचं थोडं राहिलं. जाड कॉलरमुळे अँकर पुढे येतं. कॉलर खाली दुमडून बसायचं. मोज्यावरून रिलीजचा पट्टा एक भोक सैल.

ड्रॉ वेट उतरवायचा विचार केला होता. पण वजन बदललं की साइट आणि ब्रॉडहेड पुन्हा जुळवावे लागतील, आणि आज 52 सरळ ओढता आलं. तसंच ठेवलं. मर्यादा मात्र 25 वरून 20. फिती दुपारी जाऊन आत सरकवल्या. दोरीला मेण लावायचं राहिलंय, ते झोपण्याआधी.